असेंबल्ड की तयार? एका बंद पडलेल्या संगणकाचं प्रकरण

माझी मावसबहीण मुलाखतींवर आधारलेले माहितीपट करते. चित्रीकरण तिची सहकारी सांभाळते, संकलन ती स्वतः करते. मार्च २०२४ मध्ये एका सकाळी तिचा फोन आला. "दादा, संगणक सुरूच होत नाहीये. बटण दाबलं की पंखा एकदा हलतो आणि थांबतो." पन्नास मिनिटांच्या माहितीपटाचं संकलन अर्धवट होतं आणि तो द्यायला चार आठवडे उरले होते.

"असेंबल करू की तयार घेऊ?", म्हणजे सुटे भाग आणून संगणक जुळवायचा की कंपनीचा तयार घ्यायचा, हा प्रश्न मला दर वर्षी तीन-चार जण विचारतात. त्याचं उत्तर मी बरीच वर्षं आधी किंमत, मग वेग आणि जमलंच तर वॉरंटी, अशा क्रमाने देत आलो. या प्रकरणात तो क्रम पार उलटा झाला, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो आहे.

जुन्या मशीनमध्ये काय सापडलं

जुनं मशीन एका मोठ्या कंपनीचं तयार डेस्कटॉप होतं, सहा वर्षांचं. लक्षणं एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेल्याची वाटत होती. अशा वेळी पहिली चाचणी सोपी असते: दुसरा चालू एसएमपीएस आणायचा, मदरबोर्डला (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डला) जोडायचा आणि बटण दाबून बघायचं. दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं. तिने मैत्रिणीकडून एक जादा एसएमपीएस आणला, व्हिडिओ कॉलवर मला दिसेल असा फोन समोर टेकवून ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा संगणकाचं झाकण काढलं.

आत मदरबोर्डवर २४ पिनांचा लांबट कनेक्टर असायला हवा होता. तिथे फक्त सहा पिनांचा एक छोटा कनेक्टर होता. जुना एसएमपीएससुद्धा नेहमीच्या मापाचा नव्हता. हातात चालू एसएमपीएस असून तो लावायला जागाच नव्हती.

इथे थोडं मागे जावं लागेल. घरी बसून संगणक जुळवता येतो, कारण वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले भाग एकमेकांत बसतात, आणि ते बसावेत यासाठी मापं ठरलेली आहेत. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आणली. पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ बाय २४४ मिलीमीटर, स्क्रूंची भोकं अमुक ठिकाणी, मागची जोडण्यांची पट्टी अमुक जागी, एसएमपीएसचा आकार असा. वीजपुरवठ्याचा कनेक्टर तेव्हा २० पिनांचा होता, पुढे २४ पिनांचा झाला. त्यामुळे आज विकत घेतलेला एसएमपीएस दहा वर्षांपूर्वीच्या बोर्डालाही चालतो.

तयार मशीनच्या कंपन्या या मापांपासून बाजूला जातात त्याला कारण असतं. एसएमपीएसने फक्त १२ व्होल्ट द्यायचे आणि बाकीचे व्होल्टेज बोर्डवरच तयार करायचे, असं केलं की तारा कमी होतात आणि मशीन नुसतं बसलेलं असताना वीज कमी वाया जाते. इंटेलनेही पुढे हीच कल्पना १० पिनांच्या एटीएक्स१२व्हीओ या मानकात आणली. म्हणजे रचनेत खोट नाही. अडचण ही की त्या विशिष्ट सहा पिनांचा पुरवठा एकच कंपनी करते, आणि त्या कंपनीने बहिणीला कळवलं की या मॉडेलचे भाग आता मिळत नाहीत. अशा काही मशीनसाठी जोडकेबली मिळतात. पण निदान पक्कं नाही, मुदत डोक्यावर, आणि वापरलेल्या भागाच्या शोधात आठवडा घालवायचा, हे दोघांनाही पटलं नाही.

सगळ्या फायली साठवणारी एसएसडी डिस्क शाबूत होती. ती काढून यूएसबी खोक्यात घालून मागून आणलेल्या लॅपटॉपला लावली, तर विंडोजने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते हे तिला ठाऊकच नव्हतं. की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली होती, म्हणून सगळं परत मिळालं. हे वाचणाऱ्याने आपली की कुठे आहे ते मशीन चालू असतानाच बघून ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लॅपटॉपवर मूळ फायली चालणं शक्य नव्हतं. मग आम्ही प्रॉक्सी केल्या, म्हणजे प्रत्येक चित्रफितीची १२८० बाय ७२० मापाची हलकी प्रत. संकलन तिच्यावर करायचं आणि अंतिम निर्मितीच्या वेळी मूळ फायली जोडायच्या. काम रांगत का होईना पुढे सरकू लागलं आणि विचार करायला आठवडाभर मिळाला. तो मिळाला नसता तर तिने पुढच्याच दिवशी जे दिसेल ते मशीन उचललं असतं.

काम नेमकं काय मागतं

बहिणीने दोन तयार मशीनच्या माहितीपत्रकांचे फोटो पाठवले.

पहिलं गेमिंगसाठी विकलं जाणारं: कोअर आय७-१४७००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीची एकच रॅमपट्टी. दुसरं कार्यालयीन टॉवर: कोअर आय५-१४५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, छोटा एसएमपीएस, पण बिघाड झाला तर तंत्रज्ञ घरी येणार अशी तीन वर्षांची वॉरंटी. तिसरी यादी मी स्वतः केली होती, असेंबल करण्यासाठी: एएमडी कंपनीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर, त्याच्या जोडीला चांगलं ग्राफिक्स कार्ड. एएमडीचं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची बोर्डवरची बैठक) २०२२ मध्ये आलं, ते अजून काही वर्षं चालेल, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल, असं माझं समर्थन तयार होतं.

यादी पाठवण्याआधी मी तिला एकच काम सांगितलं: कॅमेऱ्याची एक मूळ फाईल उघड आणि तिची माहिती वाचून दाखव. उत्तर आलं: फोरके, एच.२६५, १० बिट, ४:२:२, सेकंदाला २०० मेगाबिट.

एच.२६५ ही व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत, १० बिट ही रंगछटांची बारीकी; पण त्यातल्या ४:२:२ ने सगळी गणितं बदलली. व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्यासाठी साठवतात, रंगाची कमी साठवतात, कारण डोळ्याला तेवढा फरक जाणवत नाही. नेहमीच्या ४:२:० मध्ये रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे अर्धी होते. ४:२:२ मध्ये फक्त आडवी अर्धी होते, म्हणून रंगदुरुस्तीला जास्त वाव मिळतो. फाईल चालवताना ती उलगडण्याचं काम ग्राफिक्स चिपमधला एक खास विभाग करतो. त्याला तो प्रकार समजत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चित्र अडखळतं. २०२४ मध्ये बाजारात असलेल्या एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना (आरटीएक्स ४०७० त्यातलंच) एच.२६५ चं ४:२:२ उलगडता येत नव्हतं. ती सोय २०२५ मध्ये ५० मालिकेत आली. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला मात्र ते ११व्या पिढीपासून येत होतं.

आता त्या तीन याद्या पुन्हा पाहा. गेमिंग मशीनच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी "एफ" आहे. त्याचा अर्थ, अंगभूत ग्राफिक्स नाही. कागदावर सर्वांत दणकट दिसणारं मशीन तिच्याच फायलींवर अडखळलं असतं. माझ्या यादीचीही तीच गत होती. रायझनमधल्या छोट्या ग्राफिक्सला ४:२:२ येत नाही. आणि ज्या साध्या कार्यालयीन टॉवरकडे आम्ही दोघांनी जेमतेम पाहिलं होतं, त्याच्या १४व्या पिढीच्या आय५-१४५०० मध्ये नेमकी हवी ती सोय होती. जुन्या मशीनवर अडखळणाऱ्या चित्राचं खापर ती दोन वर्षं रॅमवर फोडत होती.

मी स्वतः निवडलेल्या भागांचं मशीन तिला घेऊन दिलं असतं आणि ते चुकीचं निघालं असतं. भाग स्वतः निवडले म्हणजे ते आपोआप कामाला साजेसे होतात असं मी धरून चाललो होतो. त्या फाईलच्या पाच शब्दांनी ते खोटं ठरवलं.

मग साठवणुकीचंही गणित केलं. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट. एका कॅमेऱ्याचं तासाभराचं चित्रीकरण ९० जीबी, तीन कॅमेऱ्यांचं २७०. तिन्ही कॅमेऱ्यांचे कोन एकाच वेळी चालवले तरी सेकंदाला ७५ मेगाबाइट लागतात. साटा या जुन्या जोडणीची साधी एसएसडी सुमारे ५५० देते. त्यामुळे सेकंदाला ७,००० मेगाबाइटच्या महागड्या एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीने संकलन काडीचंही वेगवान होणार नव्हतं. तिला जागा हवी होती, वेग पुरेसा होता.

बंद पडलं तर कोण येणार

प्रोसेसर ठरला होता. आता तो तयार टॉवरमध्ये घ्यायचा की सुटा, हे राहिलं.

किंमत मी जाणूनबुजून मागे ठेवतो आहे. कार्यालयीन कामाच्या साध्या मशीनमध्ये कंपन्या घाऊक खरेदीमुळे ज्या भावात देतात, त्या भावात सुटे भाग जमवणं कठीणच. गरज जरा वेगळी झाली की पारडं असेंबल्डकडे झुकतं. आणि हे हंगामागणिक बदलतं. २०२१ मध्ये चिपटंचाई आणि क्रिप्टो मायनिंगमुळे सुटी ग्राफिक्स कार्डं मिळेनाशी झाली, तेव्हा कार्ड हवं म्हणून अख्खं तयार मशीन घेणारे लोक होते. २०२५ च्या शेवटी डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले आणि सुटे भाग जमवणाऱ्यांना पुन्हा झळ बसली. आमच्या वेळी दोन्हींत फरक होता, पण निर्णय फिरवेल इतका नव्हता. विंडोजचं लायसन मात्र बहुतेक जण हिशोबात धरायला विसरतात. तयार मशीनसोबत आलेलं लायसन त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं, ते नव्या मशीनवर नेता येत नाही. ते वेगळं घ्यावं लागलं.

कार्यालयीन टॉवरच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा वॉरंटीचा होता, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. एकच फोन करायचा. दोष कुठल्या भागात आहे हे शोधायची जबाबदारी त्यांची. असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि दोषी भाग कोणता हे आधी आपण सिद्ध करायचं. मी तिच्यापासून सात तासांच्या अंतरावर राहतो. मी असेंबल करून द्यायचो आणि बिघडल्यावर फोनवरून "हे काढून बघ, ते काढून बघ" सांगत बसायचो, ही कल्पना मला नको होती.

विरुद्ध बाजूला तो टॉवर आतून कसा आहे हे होतं. विक्रेत्याकडून आतला फोटो मागवला. पुन्हा त्याच धर्तीचा कंपनीचा स्वतःचा कनेक्टर, स्वतःच्या मापाचा एसएमपीएस, ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वीजजोडणी नाही. कार्ड बसवायची पीसीआयई खाच स्वतः ७५ वॉट देते, त्याहून जास्त खाणारं कार्ड तिथे चाललं नसतं. रंगदुरुस्ती आणि इफेक्टसाठी तिला कार्ड लागणारच होतं.

मधला मार्गही होता: भाग आपण निवडायचे आणि जुळणी विक्रेत्याने करायची. मला तोच बरा वाटत होता, तसं मी तिला सांगितलंही.

ती म्हणाली, "दादा, झाकण काढताना माझे हात थरथरत होते. सहा वर्षं मी या खोक्यावर पोट भरते आणि आत काय आहे ते मला माहीत नाही. तू जुळवू नकोस, दुकानदारही नको. मीच जुळवते, तू फक्त बघत राहा."

माझ्या मनातला मोठा आक्षेप होता की बंद पडल्यावर कोण येणार. ती सांगत होती की ती स्वतः येईल. तिथे निर्णय झाला.

जुळणी आणि खराब निघालेली पट्टी

यादी थोडक्यात अशी: कोअर आय५-१४५००, बी७६० चिपसेटचा (भागांचा ताळमेळ राखणारी बोर्डवरची चिप) मायक्रो-एटीएक्स, म्हणजे एटीएक्सहून लहान बोर्ड, डीडीआर५ या पिढीच्या रॅमच्या ३२ जीबीच्या दोन पट्ट्या, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड, एक आणि दोन टीबीच्या दोन एसएसडी, हवेशीर कॅबिनेट. हे १७०० पिनांचं सॉकेट आता पुढे चालणार नाही हे आम्हाला माहीत होतं. पण नुसता प्रोसेसर बदलणारे लोक मी मोजकेच पाहिले आहेत. कॅबिनेट, एसएमपीएस, डिस्क, कार्ड हे भाग मात्र एका मशीनमधून दुसऱ्यात खरोखर जातात. म्हणून एसएमपीएसवर मी अडून बसलो. प्रोसेसर जोर लावला की १५४ वॉटपर्यंत जातो, कार्ड १७०, बाकीचं पन्नास-साठ, चारशेच्या आत. तरी ६५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा घेतला, २४ पिनांचा.

रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या; चार घेतल्या नाहीत आणि एकच मोठी पट्टीही घेतली नाही. एकच पट्टी असली की रॅमची निम्मी वाट वापरलीच जात नाही. डीडीआर५ मध्ये चार लावल्या की वेग खाली आणावा लागतो.

शनिवारी सकाळी जुळणी सुरू झाली. सगळ्यांत जास्त वेळ प्रोसेसर बसवायला लागला. पिना नाजूक असतात आणि त्या बोर्डवर असतात. प्रोसेसर त्रिकोणी खूण जुळवून नुसता अलगद ठेवायचा. पण त्यानंतर कडी दाबायला भीती वाटावी इतका जोर लागतो आणि करकर आवाज येतो. ती थांबली. मी म्हटलं, "दाब, हा आवाज यायलाच हवा." वरचं काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडालं आणि तिने श्वास सोडला. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर ती विसरली होती. बोर्डवरचा प्रोसेसरचा लाल दिवा बघून तिनेच शोधला.

तो जोडून चालू केल्यावर पंखे फिरले, पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं. "बंद करू?" मी नाही म्हटलं. डीडीआर५ चे बोर्ड पहिल्या वेळी रॅमचे बारकावे जुळवत बसतात, त्यात वेळ जातो, आणि घाबरून वीज तोडली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थोड्या वेळाने बायोसचा, म्हणजे बोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचा, पडदा आला. रॅम ४८०० ने चालत होती, खोक्यावर ५६०० लिहिलं होतं. एक्सएमपी, म्हणजे रॅमचा खोक्यावरचा वेग लागू करणारी बायोसमधली सोय, चालू केल्यावर ती ५६०० वर गेली.

रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला. सकाळी पडदा लाल चुकांनी भरलेला होता.

आधी एक्सएमपी बंद करून पाहिलं, चुका तशाच. मग एकेक पट्टी एकेका खाचेत लावून चाचणी. दुपारपर्यंत कळलं: एक पट्टी कुठेही लावली तरी चुकते, दुसरी कुठेही निर्दोष. पट्टी मुळातूनच खराब आली होती. तिने ती परत पाठवली आणि बदली यायला अकरा दिवस लागले. तोवर ती ३२ जीबीवर, एका पट्टीवर, काम करत राहिली.

तयार मशीनच्या बाजूने बोलायचं तर हा दोष कारखान्यातल्या चाचणीत बहुधा पकडला गेला असता. तिचा अख्खा रविवार त्यात गेला. निवड, जुळणी, ही शोधाशोध आणि विंडोज धरून तिने पंचविसेक तास घातले. ज्याला त्या तासांचं मोल जास्त आहे त्याने ते घालू नयेत, हे मी आता स्पष्ट सांगतो. पण पट्टी बदलायला गेली तेव्हा मशीन घरीच होतं आणि चालू होतं, हेही त्या हिशोबात धरावं लागेल.

आमच्या दोन चुका झाल्या. रॅमची चाचणी सगळं कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी, बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवूनच करायला हवी होती. आणि भाग दहा दिवसांत तुकड्यातुकड्याने मागवले, त्यामुळे सर्वांत आधी आलेल्या बोर्डची परत करण्याची मुदत तो चालू करून पाहण्याआधीच संपली. बोर्ड चांगला निघाला, पण बिघडलेला असता तर बदलीसाठी कंपनीकडे खेटे घालावे लागले असते.

तिन्ही कोन मूळ फायलींवर न अडखळता चालले. प्रॉक्सी तिने पुसून टाकल्या. माहितीपट मुदतीच्या दोन दिवस आधी गेला.

नंतर

त्याच वर्षी इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही वरच्या प्रोसेसरना अस्थिरतेचा त्रास असल्याचं उघड झालं. इंटेलने मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती काढली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बहिणीचा आय५-१४५०० त्या यादीत नव्हता, पण ती माहिती तिने स्वतः वाचली, स्वतः बायोस अद्ययावत केलं आणि मला नंतर कळवलं. ज्यांनी सुटा, खोक्यातला प्रोसेसर घेतला होता ते थेट इंटेलकडे जाऊ शकत होते. तयार मशीनवाल्यांना मशीनच्या कंपनीकडे जावं लागणार होतं.

यंदा तिच्या सहकारीला संगणक हवा होता. कामं साधी: मुलाखतींचं लेखन, उपशीर्षकं, पत्रव्यवहार. मला वाटलं, आता हीच असेंबल करून देईल. तिने एक तयार टॉवर निवडला, विक्रेत्याला फोन केला आणि विचारलं, "मदरबोर्डला एसएमपीएसचा कनेक्टर किती पिनांचा आहे?" त्याला सांगता आलं नाही. तिने आतला फोटो मागवला. सहा पिनांचा होता.

तिने तोच घेतला. तीन वर्षं तंत्रज्ञ घरी येणार होता, सहकारीला झाकण उघडायची इच्छा नव्हती, आणि एखादा दिवस मशीन बंद राहिलं तर ती बहिणीच्या मशीनवर बसू शकत होती. फोटो मात्र तिने जपून ठेवला आहे, खाली वॉरंटी संपण्याची तारीख लिहून.